तांबडा ड्रॅगन आणि दुर्गची माती

ड्रॅगन हा प्राणी मराठी मनाच्या फारसा ओळखीचा नाही. आपल्या देवळांवर व्याल आहेत, मकर आहेत, उंबरठ्यावर डोळे वटारून बसलेले कीर्तिमुख आहे. परंतु खवल्यांच्या अंगाचा, पंख पसरून मुखावाटे ज्वाळा सोडणारा महासर्प आपल्या कथांतून क्वचितच भेटतो. युरोपने त्याला पंख दिले आणि त्याच्याशी वैर धरले. चीनने त्याला पंखांवाचून ढगांत फिरविले आणि पाऊस देणारा म्हणून पूजिले. असे असता छत्तीसगढात, दुर्गच्या आसमंतात, खडकावरील प्राचीन चित्रांत ड्रॅगनची आकृती नोंदली गेली आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

त्या स्थळाचे नाव चितवा डोंगरी. भगवान सिंह बघेल आणि डॉ. रमेंद्रनाथ मिश्र यांनी तेथील शैलचित्रे प्रथम उजेडात आणली. त्या आकृतींत खेचरावर स्वार झालेला, चिनी चेहरेपट्टीचा एक पुरुष आणि ड्रॅगनसारखा एक प्राणी अभ्यासकांनी ओळखला. हा सारा मुलूख एके काळी दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. १९०६ साली स्थापन झालेल्या या विस्तीर्ण जिल्ह्यातून १९७३ मध्ये राजनांदगाव आणि २०१२ मध्ये बालोद व बेमेतरा हे जिल्हे वेगळे काढण्यात आले. त्याही पूर्वी, १८५४ पर्यंत, येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. म्हणून मराठी श्रोत्यांस हा प्रदेश अगदीच परका नाही.

छत्तीसगढातील शैलचित्रांचा प्रमुख रंग तांबडा. रायगढकडील सिंघनपूर आणि कबरा पहाड येथील चित्रेही याच रंगाने ख्यात झाली आहेत. हा तांबडा रंग म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला ज्याचा हात फिरवतात, वारली स्त्रिया ज्याने भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे काढतात, कोकणात आणि गोव्यात ज्याला काव म्हणतात, तोच हा. रसायनाच्या भाषेत तो लोखंडाचा ऑक्साइड होय. लोखंडाला जे गंजणे असते ते येथे आधीच होऊन गेलेले असते. म्हणून हवा त्याचे काही बिघडवू शकत नाही आणि ऊन त्याला विटवू शकत नाही. खडकावरची चित्रे हजारो वर्षे टिकली यात या रंगाच्या अंगच्या निर्विकारपणाचा मोठाच वाटा आहे.

आता एखाद्या कलावंताने हातभर लांबीची ड्रॅगनची प्रतिमा तांबड्या रंगात रंगवावयास घेतली आहे, अशी कल्पना करावी. अशा प्रतिमा घडविण्याचा व रंगविण्याचा छंद आज देशोदेशी जोपासला जातो. पाहणाऱ्यास वाटते, तांबडा रंग आणावा आणि कुंचला फिरवावा, यात काय अवघड आहे? प्रत्यक्षात तांबड्याइतका हट्टी रंग दुसरा नाही.

पहिली अडचण प्रकाशाची. प्रतिमा लहान केली म्हणून तिच्यावर पडणारा प्रकाश लहान होत नाही. डोंगराएवढ्या प्राण्याच्या पंखाखाली जी गडद सावली पडेल, ती हातभर प्रतिमेच्या पंखाखाली पडत नाही. खवल्याखवल्यातील फट उजेडाने भरून जाते आणि सारे अंग सपाट दिसू लागते. म्हणून सावली आणि उजेड ही दोन्ही रंगाऱ्याला स्वतःच रंगवावी लागतात. तो पातळ केलेला तपकिरी रंग अंगावरून सोडतो. तो खाचांत उतरतो आणि खवल्यांचे काठ वेगळे होतात. मग कुंचल्यावरील बहुतेक रंग फडक्यावर टिपून, जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवतो. तेथे उजेड पकडला जातो.

दुसरी अडचण तांबड्याच्या स्वभावाची. निळ्यात पांढरा मिसळला तर आकाश मिळते. तांबड्यात पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो, आणि गुलाबी ड्रॅगनचे भय कोणास वाटावे? काळा मिसळला तर रंग मळतो. म्हणून जाणता रंगारी उजेडासाठी शेंदरी छटेकडे आणि तेथून पिवळ्याकडे जातो. सावलीसाठी तपकिरीकडे वा जांभळटाकडे वळतो. शिवाय तेजस्वी तांबडे रंग बहुधा पारदर्शक असतात. खाली काळे अस्तर असेल तर ते विझतात, पांढरे असेल तर पेटतात. एक जाड हात देण्याऐवजी तीन-चार पातळ हात द्यावे लागतात, प्रत्येक हात वाळू द्यावा लागतो. पंखांच्या रुंद पडद्यावर तर उतावळेपणा लगेच उघडा पडतो. कुंचल्याच्या रेघा तेथे जन्मभर राहतात.

हे नियम छंदापुरतेच आहेत असे कोणी समजू नये. दुर्ग शहराजवळ थनौद नावाचे गाव आहे. गणपतीच्या व दुर्गेच्या मातीच्या मूर्तींसाठी ते छत्तीसगढभर प्रसिद्ध आहे. बांबू व पेंढा यांचा सांगाडा, त्यावर मातीचे थर, वाळल्यावर पडलेल्या भेगा बुजविणे, मग पांढरे अस्तर, मग रंग आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी, असा मोठ्या मूर्तीचा क्रम असतो. देवीच्या पायाशी महिषासुर असतो, तिच्या अंगावर तांबडे वस्त्र असते, सिंहाचा जबडा उघडा असतो. तेथेही अस्तर पांढरेच लागते, आणि तांबड्याचा उजेड तेथेही शेंदरी छटेतूनच येतो.

मात्र एक भेद आहे, आणि तो मोठा आहे. छंदाची प्रतिमा कपाटात राहते. देवीची मूर्ती पाण्यात जाते. येथे तांबड्या रंगाचा प्रश्न सौंदर्याचा राहत नाही, तो आरोग्याचा होतो.

कारण जगातील नामांकित तांबडे रंग पुष्कळदा विषारी निघाले. हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग. मारुतीच्या मूर्तीवर तेलात कालवून चढविला जाणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. कारखान्यांतून येणाऱ्या झगझगीत नारिंगी व तांबड्या रंगांतही शिशाच्या क्षारांचा दीर्घकाळ वापर झाला. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा घाव सर्वांत खोल बसतो. भारत सरकारने २०१६ मध्ये नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांत दर दहा लाख भागांत शिशाचे ९० भागांहून अधिक प्रमाण असू नये, असे ठरविले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी नैसर्गिक माती आणि निर्विष, नैसर्गिक रंग यांचा आग्रह धरला. तलावातील पाण्याची चिंता त्यामागे आहेच. पण त्या पाण्याआधी विषाची गाठ पडते ती रंगाऱ्याशी. कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करण्याची सवय कारागिरांत जुनी आहे. वाळलेला रंग घासताना उडणारी धूळ त्याच्याच छातीत जाते, आणि अंगणातच काम चालत असेल तर शेजारी खेळणाऱ्या लेकराच्याही.

मग तेजस्वी तांबडा सोडून द्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर दुर्गच्याच भूमीत पुरलेले आहे. भिलाईच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर दल्ली-राजहरा येथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तिला अन्न पुरविले ते याच खाणींनी. हे खनिज म्हणजे हेमॅटाइट. दगड दिसावयास काळसर, करडा; परंतु खरखरीत पृष्ठावर घासला की रेघ उमटते तांबडी. गेरूला तांबडेपणा देणारे द्रव्यही हेच. भट्टीत गेले तर त्याचे पोलाद होते, उखळात गेले तर त्याचा रंग होतो. लोखंडी फाटकांना गंज लागू नये म्हणून जो तांबडा हात देतात, त्यातही हेच द्रव्य असते.

या तांबड्यात पारा नाही, शिसे नाही. नीट शुद्ध केलेला असेल तर तो निरुपद्रवी आहे. उणीव एकच: हा रंग विटेचा आहे, ज्वाळेचा नाही. येथेच रंगाऱ्याची विद्या कामास येते. हेमॅटाइटचे कण जितके बारीक, तितका रंग शेंदरीकडे झुकतो. कण जाड राहिले तर तो जांभळट दिसतो. एकाच दगडातून सावलीही मिळते आणि उजेडही मिळतो. पिवळी माती भाजली की तिच्यातील पाणी जाऊन ती तांबडी होते. तेव्हा कमीअधिक भाजून मधल्या छटाही साधता येतात. खाली शुभ्र अस्तर, वर पातळ हात आणि शेजारी गडद हिरवा किंवा निळा रंग ठेवला, की विटेचा तांबडाही धगधगू लागतो. डोळा रंग कधी एकटा पाहत नाही. शेजारच्या रंगाशी ताडून पाहतो. ड्रॅगनच्या तांबड्या मस्तकात हिरवा डोळा का शोभतो, याचे मर्म हेच आहे.

अर्थात या मार्गाला वेळ अधिक लागतो. डब्यातून काढलेला झगझगीत रंग एका हातात जे देतो, ते गेरू चार हातांनी देतो. मूर्तीला गिऱ्हाईक घासाघीस करते, सणाची तिथी थांबत नाही, आणि पावसाळ्यात हात लवकर वाळत नाहीत. म्हणून केवळ कारागिराला उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. मूर्ती घेणाऱ्या मंडळाने आगाऊ सांगावे, त्या जादा हातांचे मोल द्यावे आणि थोडा सौम्य तांबडाही आनंदाने पत्करावा. तेव्हाच हा बदल टिकेल.

चितवा डोंगरीच्या चित्रकाराजवळ झगझगीत रंगाचा डबा नव्हता, शेंदरी छटा नव्हती, पांढरे अस्तरही नव्हते. होता तो खडक आणि त्या भूमीने दिलेला रंग. तेवढ्यावर काढलेला प्राणी आजही ओळखू येतो, आणि तो काढताना कोणाच्या विहिरीत विष गेले नाही. थनौदच्या अंगणात कुंचला धरणाऱ्या हाताला आणि त्या हाताला काम देणाऱ्या गावाला याहून चांगला पुरावा कोणता हवा?