गोधडीच्या टाक्यांचा हिशोब

(घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या शिबिरात केलेले भाषण)



गोधडी दाखवताना आपण सहज म्हणतो, “काही नाही हो, फावल्या वेळात शिवली.” पाणी, स्वयंपाक, मुलं, जनावरं, शिवाय बाहेरची मजुरी करणाऱ्या बाईला फावला वेळ असतो कधी? तरीही आपण असं म्हणतो. आणि समोरचा माणूस नेमकं हेच धरून भाव पाडतो. म्हणून आज हिशोबाचं बोलू.

आधी काम काय असतं ते पाहू. जुनी लुगडी, धोतरं, परकर धुवायचे, उसवायचे, निवडायचे. सुती कापड वेगळं काढायचं, कारण पॉलिस्टरची साडी थरात सरकते आणि घामही टिपत नाही. विरलेलं कापड आतल्या थरात, धड असलेलं वर आणि खाली. मग ठिगळं कापायची. चौकोन की त्रिकोण, गडद रंगाशेजारी कुठला फिका बसेल, काठाची पट्टी कुठे फिरवायची, हे कागदावर न काढता बाई ठरवते. हे डोक्याचं काम आहे, याला नुसतं हातकाम म्हणू नका. नंतर जमिनीवर थर अंथरायचे, चुण्या काढायच्या, लांब टाक्यांनी टाचून घ्यायचे. मग कडेपासून धावदोरा घालत, चारी बाजूंनी फिरत मध्यापर्यंत यायचं.

आता मोजा. गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर ६४ ओळी होतात. प्रत्येक ओळ ७२ इंचांची. फिरत शिवलं तरी दोऱ्याची लांबी साधारण तेवढीच. इंचाला दोन टाके धरले तर नऊ हजारांच्या वर टाके झाले. चार-पाच थरांतून सुई काढायची म्हटल्यावर मिनिटाला दहा टाके धरू. म्हणजे नुसत्या टाक्यांना १५ तास. धुणं, उसवणं, ठिगळं जोडणं, टाचणं, कड दुमडणं यांचे आमच्या गटाने नऊ तास धरले. एकूण २४ तास, म्हणजे आठ तासांचे तीन पूर्ण दिवस.

आमच्याकडे येणारा व्यापारी एका गोधडीचे ३०० रुपये देत होता. वर म्हणायचा, “चिंध्या तुमच्या घरातल्याच, तुम्हाला काय खर्च?” दोरा आमचा, सुई आमची, डोळे आमचे. दिवसाला १०० रुपये पडले. तेवढ्यावर खुरपायला तरी कुणी जाईल का?

हा प्रश्न आपल्याच गावचा नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका व्यापाऱ्यांकडून नगावर काम घेत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेवा’ या संघटनेने त्या दशकाच्या अखेरीस त्यांना एकत्र केलं. त्यांनी दर मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणंच थांबवलं. बायका घाबरून घरी बसल्या नाहीत. त्यांनी ‘सबीना’ नावाची आपली सहकारी संस्था उभी केली. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. इथे घरकामगार म्हणजे दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी नव्हे, तर मालकाचं काम स्वतःच्या घरी बसून करणारी. तिला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असं हा करार सांगतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

कुणी विचारेल, “ताई, दर वाढवला तर घेणार कोण? मशीनची गोधडी स्वस्त मिळते.” खरं आहे. काही गिऱ्हाइकं जातील. पण प्रत्येकीने एकटीने भाव केला, की शेजारणीपेक्षा दहा रुपये कमी सांगावे लागतात, आणि हे उतरणं कुठेच थांबत नाही. म्हणून तीन गोष्टी ठरवू. एक, प्रत्येक गोधडीचे तास वहीत लिहायचे. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, पण लिहा. दोन, दर गटाने ठरवायचा, तोही तासांवरून, आणि त्याखाली कुणीच काम घ्यायचं नाही. तीन, दोरा आणि कापड धुण्याचा खर्च वेगळा लावायचा.

लेकीच्या बाळंतपणाला दुपटं शिवू, ते मायेनं. त्याचे पैसे आपण मागत नाही आणि मागणारही नाही. पण बाजारात जाणाऱ्या गोधडीवर आपल्या मायेची सूट कुणाला द्यायची नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना गोधडी आणली नाही तरी चालेल. वही मात्र घेऊन या.