डोळ्यामागचा मेंदू

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण, गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर)



बारावीच्या निकालानंतर गुलमंडी परिसरातील व्यापारी घरांत दोन प्रकारची शांतता पसरते. एक पेढे वाटून झाल्यानंतरची आणि दुसरी, थोड्या गुणांनी वैद्यकीय प्रवेश हुकल्यानंतरची. दुसऱ्या घरातील मुलगी जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला जाते, तेव्हा "तोवर काहीतरी शिकू दे" अशा शब्दांत तिचे शिक्षण मान्य केले जाते. तीन वर्षांनी पदवी हाती येते आणि वडील दुकानाच्या गादीवरून विचारतात, "बेटा, आता पुढे काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे काळजी आहे. त्याचे एक उत्तर डोळा आणि मेंदू यांच्या अभ्यासात सापडते.

मुंबईच्या डॉ. शुभा टोळे यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून जीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र घेऊन १९८७ मध्ये पदवी मिळवली. त्यांच्या मातोश्री व्यवसायोपचार तज्ज्ञ होत्या आणि कर्करुग्णांसाठी कृत्रिम अवयव घडवीत. पदवीनंतर टोळे अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेल्या. उंदराच्या गर्भात मेंदूचे निरनिराळे प्रदेश कसे आखले जातात, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. १९९४ मध्ये ती पदवी मिळाली. त्यानंतरची वर्षे शिकागो विद्यापीठात गेली आणि १९९९ मध्ये त्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभारण्यासाठी परतल्या. बी.एस्सी.पासून स्वतःच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत बारा वर्षे लागली. पालकांनी हा आकडा आधीच लक्षात ठेवलेला बरा. नाही तर चौथ्या-पाचव्या वर्षीच घरात कुजबुज सुरू होते. अर्थात ही बारा वर्षे घरून पैसे मागवून काढायची नसतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शिष्यवेतन मिळते, हे व्यापारी कुटुंबांत अनेकांना ठाऊक नसते.

शिकागोतील काम ज्या शब्दाभोवती फिरले, तो कापडाच्या पेठेत सहज समजेल. तो शब्द म्हणजे काठ. गर्भाच्या मेंदूची बाहेरची साल तयार होत असताना तिच्या कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले व तिला मेंदूच्या सालीचा काठ असे नाव दिले. पैठणीचा काठ शोभा देतो आणि वस्त्राला धरूनही ठेवतो. मेंदूच्या या काठाचे काम त्याहून मोठे आहे. स्मरणशक्तीशी निगडित असलेला मेंदूचा भाग कोठे घडावा, याची आज्ञा शेजारच्या पेशींना त्याच्याकडून मिळते. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टोळे यांच्या मुंबईतील प्रयोगशाळेने त्याचा पुरावा दिला. एलएचएक्स-२ नावाचे जनुक पेशींना साल होण्यास सांगते. ते काढून टाकलेल्या पेशी काठाच्या पेशी बनतात, आणि असा काठ भलत्या जागी निर्माण झाला, तर त्याच्या आसपास स्मृतिकेंद्राचा भागही भलत्या जागी उभा राहतो. पुढे २०१० मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

येथे डोळा येतो. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मनुष्याच्या मेंदूची भिंत दोन्ही बाजूंना फुगून बाहेर येते, त्या फुगवट्याची वाटी होते आणि त्या वाटीचे दृष्टिपटल बनते. दृष्टिपटल ही मेंदूचीच उती आहे. मेंदूने बाहेर पाठवलेला आपला तुकडा म्हटले तरी चालेल. एलएचएक्स-२ जनुक नसलेल्या उंदराला डोळेच येत नाहीत, हे १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून कळले होते. टोळे यांच्या प्रयोगशाळेने अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये त्याचे कारण पुढे नेऊन दाखवले. हे जनुक अगदी आरंभी हरवले, तर डोळा होऊ घातलेल्या पेशी आपली ओळख विसरतात आणि मेंदूच्या शेजारच्या भागाचे गुणधर्म धारण करतात. डोळ्याने डोळाच राहावे यासाठीही सतत आज्ञा लागते, असा त्याचा अर्थ.

उंदरांच्या गर्भावरील प्रयोग असे शब्द या सभेत उच्चारून सहज पुढे जाणे योग्य नाही. प्रतिक्रमण करणाऱ्या घरातील मुलीपुढे जीवशास्त्र निवडताना हा प्रश्न उभा राहतो, आणि कित्येक जणी त्याच ठिकाणी थांबतात. महाविद्यालयातील विच्छेदनाची अडचण आता फारशी उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याचे निर्देश दिले. संशोधनाची अडचण मात्र खरी आहे. लहान मुलाच्या डोळ्यावर उपचार लवकर का करावे, याचे शास्त्रीय उत्तर १९६० च्या दशकात ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिलांच्या पापण्या शिवून मिळवले. काही आठवड्यांनी टाके काढल्यावर डोळा निरोगी होता, परंतु मेंदू त्या डोळ्याकडे लक्षच देत नव्हता. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला असता असा परिणाम झाला नाही. या कार्यासाठी त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या ज्ञानावर आज असंख्य बालकांची दृष्टी वाचते, आणि ते पिलांच्या दुःखातून आले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. त्यांतील एक झाकून दुसरी सांगणे प्रामाणिक ठरत नाही.

परंतु वाट तेवढी एकच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी दिल्लीतील डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने 'प्रकल्प प्रकाश' उभारला. जन्मतः मोतीबिंदू असलेली, उपचाराविना वाढलेली मुले गावोगावी शोधायची, त्यांच्यावर विनामूल्य शस्त्रक्रिया करायची आणि नंतर ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा. येथे उपचार आधी, अभ्यास मागून. १६८८ मध्ये मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने तत्त्वज्ञ लॉक यांना प्रश्न विचारला होता : जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली, तर केवळ पाहून तो ते ओळखेल काय? तीनशेहून अधिक वर्षांनी, २०११ मध्ये, या प्रकल्पातील आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांनी उत्तर दिले. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी लगेच ओळखता आली नाही. फेरतपासणी झालेल्या मुलांना मात्र काही दिवसांतच ते जमू लागले.

या निष्कर्षाचे महत्त्व गावाकडच्या आई-बापांसाठी मोठे आहे. मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसते, तेव्हा "जरा मोठा होऊ द्या, मग बघू" असे वडीलधारी सांगतात. दाट जन्मजात मोतीबिंदूसाठी हा सल्ला घातक आहे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली, तर मेंदूला पाहण्याचा सराव वेळेवर मिळतो. दहा वर्षे निघून गेल्यावर तेच कुटुंब म्हणते, "आता काय उपयोग?" हेही चुकीचे. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, तरीही माणसे ओळखणे, वाटेतील अडथळा टाळणे यांसारख्या गोष्टी त्यांपैकी अनेकांना साध्य होतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी समाविष्ट आहे. अंगणवाड्यांत आणि शाळांत पथके जातात. तेवढ्याने भागत नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या डोळ्यांत पाहणारी आजी त्या पथकाच्या कितीतरी आधी पोहोचलेली असते.

अशा कामात जीवशास्त्राच्या पदवीधराला स्थान आहे. मुलांच्या चाचण्या घेणे, नोंदी ठेवणे, गावात जाऊन आईशी तिच्या भाषेत बोलणे यांसाठी शल्यविशारद लागत नाही. चष्म्याचा क्रमांक काढण्याच्या व दृष्टितपासणीच्या शास्त्राची पदवी मात्र बारावीनंतरची स्वतंत्र असते. ती हवी असल्यास निर्णय बी.एस्सी.पूर्वीच घ्यावा.

आणखी एक काम आहे, ज्याची माहिती नेत्रदानाचे संकल्पपत्र भरणाऱ्या अनेकांनाही नसते. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत पारपटल काढावे लागते. संकल्पपत्र असले तरी त्या वेळी निकटच्या नातलगांची संमती हवी. पूर्वी यासाठी डॉक्टरच यावे लागत. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञालाही हे करता येते. निरोप देताना घरच्यांनी पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. तंत्रज्ञ येतो, पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतो आणि चेहरा पूर्ववत दिसेल याची काळजी घेतो. नेत्रपेढीत परतल्यावर पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या जातात. या पेशी एकदा गेल्या की मनुष्यात पुन्हा वाढत नाहीत, म्हणून त्यांच्या संख्येवरून ते पारपटल कोणाला उपयोगी पडेल, हे ठरते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी जी मुलगी काचपट्टीवर पेशी मोजायला शिकली, तिला हे मोजमाप थोड्या सरावाने जमते. रात्री दोन वाजता शोकाकुल घरात शिरून संमतीचा कागद पुढे करणे हे मात्र कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही; ते तिला पहिल्या काही महिन्यांत, एखाद्या अनुभवी सहकाऱ्याच्या मागे उभे राहून शिकावे लागते.