विहिरीचे कुंपण आणि वर्तुळाचा परीघ

घराच्या अथवा चर्चच्या आवारातील गोल विहिरीभोवती लोखंडी गजांचे कुंपण घालावयाचे ठरले, की लोहारापुढे पहिला प्रश्न येतो तो गज किती लागतील हा. लहान मूल आत शिरू नये म्हणून दोन गजांमधील फट १० सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असे समजू. गजाची जाडी २ सेंटिमीटर. म्हणजे एका गजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत फार तर १२ सेंटिमीटर.

सरळ कुंपणात फटींपेक्षा एक गज जास्त लागतो, कारण दोन्ही टोके बंद करावयाची असतात. वर्तुळाला टोकच नाही. तेथे जितक्या फटी तितकेच गज.

विहिरीचा बाहेरील व्यास ३ मीटर असल्यास परीघ ९.४३ मीटर होतो. त्यास १२ सेंटिमीटरांनी भागता साडेअठ्ठ्याहत्तरांहून किंचित अधिक येतात. येथे अपूर्णांक सोडून ७८ धरले तर फट वाढते. म्हणून ७९ धरावेत.

परंतु खरी फसगत पुढेच आहे. कुंपण विहिरीच्या काठाला चिकटलेले नसते. ते १५ सेंटिमीटर बाहेर असले, तर त्याचा व्यास ३.३० मीटर आणि परीघ १०.३७ मीटर होतो. तेच ७९ गज या कड्यावर वाटले असता प्रत्येक फट ११ सेंटिमीटरांच्या वर जाते. भागाकार निर्दोष, आणि कुंपण मात्र निरुपयोगी! गंमत अशी, की १५ सेंटिमीटर बाहेर सरकल्याने वाढणारी ही ९४ सेंटिमीटर लांबी विहिरीच्या आकारावर अवलंबून नाही. विजापूरच्या गोल घुमटाभोवती असेच कडे घातले, तरी वाढ तेवढीच होईल.

या कड्याला हिशेबाने ८७ गज पुरतात. तथापि शहाणा लोहार ८८ घेईल. फट ९.८ सेंटिमीटर राहते, आणि ८८ चे आठ सारखे भाग पडतात. परीघासाठी व्यासाची २२/७ पट येथे पुरे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त ३९२७/१२५० हे सूक्ष्म गुणोत्तर दिले, आणि व्यवहारासाठी २२/७ हेही सांगितले. आपल्या कड्यात या स्थूल मानाने सुमारे ४ मिलिमीटरांचाच फरक पडतो.

आता खुणा. पट्टी वाकविण्यापूर्वीच त्या करणे सोयीचे. परीघाएवढी न ताणणारी दोरी तीनदा दुमडली, की आठ भाग मिळतात. त्या मोठ्या खुणा प्रथम कराव्यात आणि मग प्रत्येक भागात ११ फटी पाडाव्यात. एका टोकाकडून एकेक अंतर मोजीत गेल्यास चूक साचते. दर खेपेस अर्धा मिलिमीटर कमी पडला, तरी सत्त्याऐंशी फटींनंतर शेवटची फट १४ सेंटिमीटरांची होते.