रजिस्टर गावात, बाळ फडात
(विद्यार्थी-संशोधक परिषद, मानोरा : स्वागताध्यक्षीय भाषण)



ना मेडिकल कॉलेज, ना मोठी प्रयोगशाळा. मग ही परिषद मानोऱ्यात कशाला, असं मला चार जणांनी विचारलं.  माझं उत्तर एका जुन्या आठवणीत आहे.

मी शाळामास्तर. फार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक पथक आलं. पोरांची वजनं झाली, दंडाला पट्टी लागली, बोटाला सुई टोचली. काचपट्ट्या खोक्यात गेल्या, खोकं जीपमध्ये गेलं. पुढं दोन वर्षं एक माय मला बाजारात भेटली की विचारायची, "मास्तर, आमच्या पोरीच्या रक्तात काय निघालं जी?" मी काय सांगणार? जीप परत आलीच नाही.

म्हणून शास्त्र गावाच्याच हाती सोपवणारं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम मला मोठं वाटतं. दोघंही नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले. १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. न्यूमोनिया ओळखायचा तर लेकराचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पण अंक न येणाऱ्या दाईनं ते मोजायचे कसे? त्यांनी मणी ओवलेली एक चौकट आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू सरायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. माझ्या मते हा मणी कुठल्याही महागड्या यंत्राइतकाच शास्त्रीय आहे.

पुढं गावातल्याच बायांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली गेली. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्या वाटेनं घरोघरी जाऊ लागल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी सहा भेटी. आज मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या आशाताई तेच करतात.

आता आमचं दुखणं सांगतो. दिवाळी झाली की बंजारा तांड्यांवरची कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. पोटुशी लेकही जाते. मग आशाताईंचं रजिस्टर गावात आणि बाळ फडात! तिसऱ्या दिवशी फडातल्या पालाशी कोण जातं? बाळाला ताप आला तर कोणाला कळतं? आमचा वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे; पण जी बाळं जिल्ह्यातच नाहीत, त्यांची मोजदाद कशी व्हायची? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावृत्ती देते, ती १९७९ पासून. त्यातला एखादा विषय आमच्यासाठी ठेवा.

परिषदेच्या फलकावर 'नेतृत्व' असा शब्द लिहिलाय. आमच्याकडं नेतृत्व म्हणजे नायक, तांड्याचा प्रमुख. तांड्यात शिरायचं तर आधी त्याला आणि त्याच्या कारभाऱ्याला भेटायचं. नायक न्याय करतो तो बैठकीत, सगळ्यांदेखत, आणि जो काही निकाल असेल तो तिथंच बोलून दाखवतो. तुमचा निकालही नियतकालिकात जरूर छापा, पण त्याआधी नाहीतर त्यानंतर एकदा तांड्यावर येऊन सांगा. आकडे वाईट निघाले तरी सांगा.

जेवायला ज्वारीची भाकर, पिठलं आणि ठेचा आहे. ठेचा बेतानं घ्या. उद्या तांडाभेट सकाळी सातला. नायक वाट पाहतील. सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. आठ वाजले की बाया शेतात जातील आणि मग तुम्हाला फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतील.