सॅम्पलवरून ड्रॉइंग

कासारवाडीहून नाशिक फाटा ओलांडून भोसरीच्या एमआयडीसीत कामाला जाण्यात माझी सारी नोकरी गेली. तिथं गिऱ्हाईक तुटलेला गिअर घेऊन येई. ड्रॉइंग नसे, बनवणारी कंपनी परदेशात. मग आम्ही व्हर्नियर लावायचो, दात मोजायचो आणि सॅम्पलवरून ड्रॉइंग काढायचो. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या दिवाळीत भाच्यानं केर काढणारा, बंद पडलेला रोबो आणला. "मामा, भंगारात देऊ?" म्हटलं, थांब. याच्या डोक्यावर ही जी गोल डबी फिरते ना, तिची गोष्ट ऐक.

नीटो या अमेरिकन कंपनीनं २०१० साली अशी डबी असलेला रोबो सुमारे ४०० डॉलरला बाजारात आणला. तेव्हा कारखान्यातले तसे लेसर सेन्सर हजारो डॉलरना मिळत. हौशी मंडळींची नजर डबीवर गेली नसती तरच नवल! पण तिच्या तारांतून येणाऱ्या आकड्यांचा अर्थ काय? बक्षीस लागलं आणि वर्ष संपायच्या आत एकानं कोडं सोडवलं. एका फेरीत ३६० मापं, अंशाला एक. चार-चार मापांचे ९० गट, प्रत्येक गट २२ बाइटचा, आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच खुणेनं. आकड्यांच्या लोंढ्यात तीच खूण पुन्हापुन्हा दिसली, की धागा हाती लागतो.

आतलं तंत्र मात्र शाळेतल्या त्रिकोणाचं. प्रकाशाला जायला-यायला लागलेला वेळ ही डबी मोजत नाही, पुष्कळांचा तसा समज असतो. लेसरचा ठिपका समोरच्या वस्तूवर पडतो आणि शेजारचा छोटा कॅमेरा तो तिरका पाहतो. वस्तू जवळ आली की कॅमेऱ्यातला ठिपका भराभर सरकतो. लांबच्या वस्तूचा जेमतेम हलतो, म्हणून लांबच्या मापात चूक जास्त.

भाच्याचा रोबो दुसऱ्या कंपनीचा, पण डबी त्याच जातीची. फिरवणारा रबरी पट्टा तुटला होता, तो बदलला. भाच्यानं तारा कॉम्प्युटरला जोडल्या. मी प्लायचा तुकडा अर्ध्या मीटरवर धरला, मग एक मीटरवर. दोन रात्री नुसतीच आकड्यांची खिचडी. तिसऱ्या रात्री तो ओरडला, "मामा, जरा मागं सरका!" मी सरकलो, आणि पडद्यावरचे आकडे माझ्याबरोबर वाढत गेले. मिलिमीटरमध्ये!

नीटो २०२३ साली बंद झाली. ज्यांनी तिची डबी उघडली, त्यांची टिपणं मात्र सगळ्यांना खुली आहेत. भाच्यानंही आता स्वतःची वही केली आहे. बहीण म्हणते, केर अजून मीच काढते.