हरित इमारतींचे बक्षीस कोणाच्या खिशातून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता वास्तुविशारदांचा वाटेल. परंतु तो मुळात सार्वजनिक मालमत्तेच्या वाटपाचा आहे, आणि म्हणूनच तो आपला आहे. ‘हरित इमारत’ या नावाने जे प्रमाणपत्र दिले जाते ते काय असते, त्याच्या मोबदल्यात शासन बांधकाम व्यावसायिकाला काय देते आणि या देवघेवीत नगरपालिकेचे व नागरिकांचे स्थान कोणते, एवढ्या तीनच प्रश्नांचा मी विचार करणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्याकडे प्रामुख्याने तीन मानांकने प्रचलित आहेत. एक अमेरिकेतून आलेले ‘लीड’. दुसरे ‘आयजीबीसी’चे, ही परिषद भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली स्थापन केली. तिसरे ‘ग्रिहा’, ते ‘टेरी’ ही संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून सिद्ध केले. ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य, कचरा, जागेची निवड अशा सदरांखाली गुण दिले जातात आणि बेरजेप्रमाणे तारे किंवा रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम अशा पायऱ्या ठरतात. किमान अटी पाळल्या, की एका सदरात गमावलेले गुण दुसऱ्या सदरात भरून काढता येतात.

आता या प्रमाणपत्राचे मोल पाहू. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई आणि काही विशिष्ट क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. तिच्यानुसार तीन तारे किंवा रौप्य मानांकनास मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर ३ टक्के, चार तारे किंवा सुवर्ण मानांकनास ५ टक्के आणि पाच तारे किंवा प्लॅटिनम मानांकनास ७ टक्के प्रोत्साहनपर निर्देशांक मिळतो.

७ टक्के ही संख्या लहान वाटते. म्हणून एक उदाहरण करून पाहू. भूखंड १०,००० चौरस मीटरचा आणि मूळ निर्देशांक १.१० धरला, तर मूळ बांधकाम ११,००० चौरस मीटर होते. त्याचे ७ टक्के म्हणजे ७७० चौरस मीटर, अर्थात ७० चौरस मीटरच्या ११ सदनिका. विक्रीचा दर चौरस मीटरला ८०,००० रुपये मानला, तर ही रक्कम ६ कोटी १६ लाख रुपये होते. बांधकामाचा व मानांकनाचा खर्च वजा केला तरी उरणारी रक्कम थोडी नाही. आणि गंमत अशी, की हे अनुदान कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. त्यावर सभागृहात चर्चा होत नाही. निर्देशांक वाढवण्यास शासनाला काही खर्च येत नाही, असे भासते. परंतु त्या ११ कुटुंबांचे पाणी, सांडपाणी आणि वाहने यांचा भार गावाच्या जलवाहिनीवर व रस्त्यावर पडतोच. त्याची किंमत सर्व करदाते मोजतात.

यावर एक आक्षेप येईल: आमिष दाखवल्याशिवाय खासगी व्यावसायिक जादा खर्च कशाला करील? हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु ५०० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण याच नियमावलीने सक्तीचे केले आहे. त्यासाठी बक्षीस लागले नाही. जे समाजाला अत्यावश्यक आहे ते नियमाने करून घ्यावे, हे नगरनियोजनाचे जुने तत्त्व आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. हा वाढीव निर्देशांक मिळतो तो पूर्व-प्रमाणपत्रावर, म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वी. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ठरलेले मानांकन गाठले गेले नाही, तर त्या वाढीव निर्देशांकापोटी जमिनीच्या शासकीय दराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. ती योग्यच आहे. परंतु इमारत पन्नास वर्षे वापरली जाते आणि या बक्षिसाचा हिशेब मात्र पहिल्याच दिवशी मिटतो. मी राहतो त्या सोसायटीत सांडपाणी प्रक्रियेचे यंत्र आहे. विजेचे बिल जड होऊ लागले तेव्हा ते बंद पडले आणि पुढे दोन वर्षे कोणी चौकशीलाही फिरकले नाही. कागदावर आम्ही पर्यावरणाचे मित्रच होतो!

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. शहराच्या या कडेला इमारती आधी उभ्या राहिल्या. नळ मागाहून यायचे आहेत. अनेक वसाहती टँकरवर जगतात. नळाची तोटी कितीही काटकसरी असो, तिच्यात पाणी कोठून येणार हे ती तोटी ठरवू शकत नाही. आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत, सार्वजनिक नळावरच्या चार हंड्यांत दिवस काढणारे बांधकाम मजुराचे कुटुंब पाणी व वीज या दोन्ही बाबतींत सर्वांत काटकसरी असते. त्याच्या घराला तारा देण्याचे कोणाच्याही मनात येत नाही.

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या लातूरला आणि धो धो पावसाच्या रत्नागिरीला बक्षिसाची टक्केवारी मात्र एकच! ७४व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली नगरनियोजन हा विषय नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत घातला. प्रत्यक्षात नियम मंत्रालयात ठरतो, गुण खासगी परीक्षक देतात आणि निवडून आलेल्या नगरपालिकेच्या वाट्याला फक्त शिक्का मारणे येते.

मग आपली मागणी काय असावी? हरित बांधकामाला आपला विरोध नाही. किंबहुना ते सर्व घरांत, विशेषतः गरिबांच्या घरांत, यावे असे आपण म्हणतो. म्हणून पहिली मागणी अशी, की बक्षीस निर्देशांकात न देता मालमत्ताकराच्या सवलतीत द्यावे. ते तेथे राहणाऱ्यांना द्यावे आणि दरवर्षीच्या मीटरची नोंद पाहून द्यावे. दुसरी, प्रत्येक मानांकित इमारतीचे गुणपत्रक व पाणी-विजेचा वार्षिक वापर मराठीत प्रभाग कार्यालयात लावावा. तिसरी, आपल्या हद्दीतील पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार वाढीव बांधकाम नाकारण्याचा अधिकार नगरपालिकेला असावा.

या मागण्या सभेत मांडून भागणार नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपल्या गावात आजवर किती चौरस मीटर हरित निर्देशांक दिला गेला, कोणत्या प्रमाणपत्रावर आणि त्यांपैकी किती यंत्रे आज चालू आहेत, एवढी माहिती प्रत्येक शाखेने काढावी. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा ती मांडावी. आजवर त्या सुनावण्यांना बहुधा जमीनमालक आणि त्यांचे वकीलच हजर राहत आले. पुढच्या सुनावणीला पाण्यासाठी रांगेत उभे राहणारेही तेथे दिसले पाहिजेत. तेवढे आपण केले, तर ‘हरित’ हा शब्द जाहिरातीच्या फलकावरून उतरून नियोजनात येईल.