बातमींतून गळलेला ‘जर’



माझें सारें आयुष्य शाळेंत व्याकरण शिकविण्यांत गेलें. वाक्य समोर आलें कीं त्याचा कर्ता कोण, विशेषण कशाचें, हें आधीं पाहावें आणि मग अर्थाविषयीं बोलावें, असें मीं कित्येक पिढ्यांच्या मुलांना सांगितलें. परंतु परवां सकाळीं हा धडा माझा मीच विसरलों. सूनबाई चहा घेतां घेतां वर्तमानपत्र वाचीत होत्या. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या मांसासंबंधींचा एक मथळा त्यांनीं मोठ्यानें वाचला, आणि मीं तत्काळ निकाल दिला, “शिव, शिव! कसला हा अघोरी प्रकार!” माझी आठवींतली नात शांतपणें म्हणाली, “आजोबा, खालचा मजकूर तर तुम्हीं ऐकलाच नाहीं.” मी ओशाळलों. मी शाकाहारी, तें मांस माझ्या ताटांत येण्याचा संभवच नव्हता. तरी मत मात्र तयार होतें. तें आलें कोठून, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

ही वस्तु काय आहे तें प्रथम सांगतों. जिवंत जनावराच्या अंगांतून कांहीं पेशी काढावयाच्या, पोषक द्रवांत योग्य उष्णतेवर त्या वाढवावयाच्या, आणि त्यांपासून झालेल्या स्नायुतंतूंचें मांस करावयाचें. कल्पना आजची नाहीं. कोंबडीचा हवा तेवढाच भाग पुढेंमागें वेगळा वाढवितां येईल, असें भाकित चर्चिल ह्यांनीं १९३१ सालच्या एका निबंधांत केलें होतें. ५ ऑगस्ट २०१३ रोजीं, हॉलंडमधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क पोस्ट ह्यांनीं गाईच्या पेशींपासून केलेला एक बर्गर लंडन येथें पत्रकारांसमोर तळविला. त्याला सुमारें अडीच लक्ष युरो खर्च आला होता. स्वतः प्राध्यापकांनीं व दोन पाहुण्यांनीं तो चाखला. बाकीच्या जगानें त्याची चव वर्तमानपत्रांतूनच घेतली.

आतां त्या बातम्यांचें व्याकरण चालवूं. प्रथम विशेषण. ह्या एकाच पदार्थाला कोणी ‘प्रयोगशाळेंतील मांस’ म्हणतात, कोणी ‘संवर्धित मांस’, तर त्याचे पुरस्कर्ते ‘स्वच्छ मांस’. इंग्रजी पत्रांनीं फ्रँकेन्स्टाइनची भयकथा स्मरून त्याला ‘फ्रँकनबर्गर’ हें नांवहि दिलें. जनुकें पालटलेल्या अन्नासाठीं ह्याच धर्तीचा शब्द १९९२ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला आलेल्या एका वाचकाच्या पत्रांत योजिला गेला होता. म्हणजे बाळ जन्मास येण्यापूर्वींच त्याचें कुचेष्टेचें नांव ठरलेलें होतें! ब्रायंट व बार्नेट ह्या संशोधकांनीं २०१९ सालीं दाखवून दिलें कीं, ‘स्वच्छ मांस’ हें नांव वाचणाऱ्यांचें मत ‘प्रयोगशाळेंतील मांस’ असें वाचणाऱ्यांहून अधिक अनुकूल असतें. त्याच सुमारास ब्रायंट व डिलार्ड ह्यांनीं ४८० अमेरिकन माणसांपुढें ह्याच पदार्थाचीं तीन तऱ्हेचीं वर्णनें ठेविलीं. ज्यांच्या वांट्यास यंत्रविद्येच्या नवलाईचें वर्णन आलें, त्यांचीं मतें अधिक प्रतिकूल झालीं. पदार्थ तोच, फरक शब्दांचा. परंतु ‘स्वच्छ’ हा शब्दहि निष्पाप नाहीं. तो उच्चारतांच खाटकाच्या दुकानांतील मांस आपोआप अस्वच्छ ठरतें. दोन्ही विशेषणें वकिली करितात.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. बातमींत बोलतो कोण? पॅट्रिक हॉपकिन्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञान-अध्यापकांनीं पाश्चात्य पत्रांतील मजकूर तपासून २०१५ सालीं लिहिलें कीं, हें मांस शाकाहाऱ्यांना चालेल काय, ह्या प्रश्नाला त्यांत अवाजवी जागा मिळाली. ज्यांनीं तें विकत घ्यावयाचें ते मांसाहारी लोक मागेंच राहिले. आमच्या घरींहि तेंच झालें. दर रविवारीं मासळी आणणाऱ्या माझ्या चिरंजीवांना कोणीं विचारलें नाहीं. मत दिलें तें मीं!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे ‘जर’. ऑक्सफर्ड व ॲम्स्टरडॅम येथील दोन संशोधकांनीं २०११ सालीं असें गणित मांडलें कीं, युरोपांतील नेहमींच्या मांसाच्या तुलनेनें ह्या मांसामुळें वातावरण तापविणारे वायु ७८ ते ९६ टक्के कमी निघतील. मात्र जर पेशींना नीलहरित शेवाळापासून केलेलें खाद्य पुरविलें, तर! पुढें २०२३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं उलट हिशेब मांडला. हे वायु गोमांसाच्या ४ ते २५ पट निघतील. मात्र जर तें खाद्य औषधांइतकें शुद्ध करावें लागलें, तर! हा दुसरा लेख बातम्यांत आला तेव्हां त्याचें तज्ज्ञांकडून परीक्षणहि व्हावयाचें होतें. दोन्ही गणितें अनुमानाचीं; मोठाले कारखाने उभे राहून झालेलीं मोजमापें तीं नव्हेत. परंतु मथळ्यांत जागा थोडी. तेथें ‘जर’ गळतो, ‘तर’ तेवढा उरतो. आणि वाचकाच्या हातीं एकदां तारणहार लागतो, एकदां राक्षस.

ह्याचे परिणाम कायद्यापर्यंत पोहोंचतात. सिंगापूरनें डिसेंबर २०२० मध्यें ह्या मांसाच्या विक्रीस जगांत प्रथम परवानगी दिली. अमेरिकेनें जून २०२३ मध्यें. इटलीनें नोव्हेंबर २०२३ मध्यें, आणि अमेरिकेंतीलच फ्लोरिडा राज्यानें मे २०२४ मध्यें त्यावर बंदी घातली. इटलींत तर तें विकण्यास परवानगी कधीं मिळालीच नव्हती! ह्या बंदींत पशुपालकांच्या पोटाचा प्रश्न होता, तो खराच आहे, आणि त्याचा विचार व्हावयासच हवा. परंतु तो विचारहि माहितीवर व्हावा, किळसेवर नव्हे.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापासून फार दूर नाहीं. हैदराबाद येथील सरकारी संशोधनसंस्थांना ह्या कामासाठीं २०१९ सालीं अनुदान मंजूर झालें; त्याच वर्षीं मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीनेंहि अशा संशोधनासाठीं करार केला. उद्यां आपल्याकडे परवानगीचा वा बंदीचा प्रश्न निघाला, तर पशूंचे प्राण, पाळणाऱ्यांची उपजीविका आणि खाणाऱ्यांचें आरोग्य ह्या तिन्हींचा निवाडा जनमतावर होईल. तें जनमत सकाळच्या चहाच्या वेळीं घराघरांत तयार होत असतें.

हें मांस चांगलें कीं वाईट, हें सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. मी तें खाणारहि नाहीं. मात्र आमच्या घरीं आतां असा नेम झाला आहे कीं, मथळा ज्यानें वाचला त्यानें खालचा मजकूरहि वाचावा, आणि त्यांतील ‘जर’ कोठें आहे तो शोधून काढावा. हें काम नातीकडे आहे. ती गुण देतांना माझ्याहून कडक आहे.